मत आणि मत

मराठीत ‘मत’ हा एकच शब्द दोन ओझी वाहतो. मनात असते तेही मत आणि यंत्रात नोंदवले जाते तेही मत. रोजच्या बोलण्यात ही दोन्ही एकमेकांत इतकी मिसळली आहेत, की निकालाच्या रात्री कोणी ‘जनतेने आपले मत दिले’ असे म्हणाला तर त्यातले मत कोणते, हे आपण विचारतही नाही. हा लेखसंग्रह तेवढाच प्रश्न विचारण्यासाठी काढला आहे. मतदार मनात काय धरून असतो, ज्या पक्षाचे बटण तो दाबतो त्या पक्षाची भूमिका काय असते, आणि या दोहोंत अंतर किती?

दुसरा शब्द ‘कौल’. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात आणि पाकळी कुठल्या बाजूने पडते ते पाहतात. उजवी पडली तर होकार. या रीतीत एक शिस्त आहे : प्रश्न एकच विचारायचा आणि तो आधी स्पष्ट शब्दांत मांडायचा. लग्नाचे आणि विहिरीचे एकाच पाकळीवर विचारत नाहीत. निवडणुकीलाही आपण कौलच म्हणतो, पण तिथे ही शिस्त नसते. शेतमालाचा भाव, आरक्षण, पाणी, नोकरी, देशाची सुरक्षा, गावचा रस्ता, उमेदवाराची जात, नेत्याबद्दलची माया असे शंभर प्रश्न मतदारापुढे असतात आणि पाकळी एकच असते. निकालानंतर मात्र विजयी पक्ष सांगतो की या शंभर प्रश्नांवर जनता आपल्या बाजूने आहे. गल्लत इथूनच सुरू होते.

ही गल्लत एकदा, एकाच ठिकाणी, अगदी स्वच्छ उघडी पडली होती. त्या घटनेकडे महाराष्ट्राचे लक्ष पुरेसे गेले नाही असे मला वाटते, म्हणून ती सविस्तर सांगतो.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये तिथे विधानसभेची पहिली निवडणूक झाली. दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगोप) सर्वाधिक जागा मिळाल्या. पक्षाचे नावच त्याची भूमिका सांगणारे होते : गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता आणि गोव्याचे वेगळेपण टिकावे ही त्याची भूमिका होती. मगोपने आणि महाराष्ट्रातल्या नेत्यांनी निकालाचा अर्थ सरळ लावला. विलीनीकरणाचा पक्ष जिंकला म्हणजे जनतेला विलीनीकरण हवे, आता विधानसभेने ठराव करावा आणि दिल्लीने तो मान्य करावा.

विरोधकांचे म्हणणे वेगळे होते. इतका मोठा प्रश्न आमदारांच्या बहुमतावर सोडू नका, थेट लोकांना विचारा, असा आग्रह त्यांनी धरला. अखेर संसदेने कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेतला गेला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्याआधी बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला. चिन्हे दोन होती : विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासित राहण्याला दोन पाने. मतदान ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेले. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकाने गोव्याने विलीनीकरण नाकारले. आणि ज्या ‘राष्ट्रमत’ने वेगळेपणाची बाजू सर्वांत हिरिरीने लढवली, ते दैनिक मराठीत निघत होते. मराठी वाचणारा तो महाराष्ट्रात यायला उत्सुक, हे समीकरणही त्या दिवशी खोटे ठरले.

गोष्ट इथे संपली असती तर ती एका पक्षाच्या पराभवाची गोष्ट ठरली असती. पण मार्च १९६७ मध्ये, म्हणजे कौलानंतर जेमतेम सत्तर दिवसांनी, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोवेकरांनी मगोपला पुन्हा सत्तेवर बसवले. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या भूमिकेसाठी पक्ष जन्मला ती जानेवारीत नाकारली गेली आणि मार्चमध्ये तोच पक्ष निवडून आला.

यात मतदार गोंधळला होता का? मुळीच नाही. त्याला दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आणि त्याने दोन्हींची वेगळी, नेमकी उत्तरे दिली. कुळे, मुंडकार (जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारे), खाणींवरचे मजूर, भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या वाकून उभी राहिलेली माणसे यांच्यासाठी मगोप हा प्रथमच त्यांच्याकडे माणूस म्हणून पाहणारा पक्ष होता. याच सरकारने १९६४ साली कूळ कायदा केला आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. पक्षाच्या पाटीवर महाराष्ट्र लिहिलेले होते, पण मतदार त्या पाटीमागचे घर पाहून आत शिरला होता. पाटीवरच्या मजकुराबद्दल त्याचे मत वेगळे होते आणि ते कोणी विचारेपर्यंत त्याने ते बोलून दाखवले नव्हते.

या संग्रहाची बीजकल्पना एवढीच आहे. पक्ष हे भूमिकांचे गाठोडे असते. मतदाराला ते सोडून हवे तेवढे निवडता येत नाही. अख्खे उचलावे लागते किंवा अख्खे सोडावे लागते. म्हणून पक्षाला मिळालेले मत हे त्याच्या प्रत्येक भूमिकेला मिळालेले मत नसते. गोव्याने हे सिद्ध केले, कारण तिथे गाठोड्यातली एक वस्तू बाहेर काढून तिच्यावर स्वतंत्र कौल घेतला गेला. इतरत्र तशी संधी क्वचितच आली. म्हणून इतरत्र आपल्याला अंदाजाने, सर्वेक्षणांनी आणि माणसांशी धीराने बोलून हे अंतर मोजावे लागते.

महाराष्ट्रात हे अंतर पाहायचे तर कांद्यापासून सुरुवात करावी. निफाड, चांदवड, येवला या पट्ट्यातल्या कांदा उत्पादकाचे कांद्याबद्दलचे मत चार दशकांत फारसे बदललेले नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८० च्या सुमारास चाकणपासून ते शब्दांत मांडले : भाव पडतो तेव्हा सरकार आमच्या मदतीला येत नाही, मग भाव चढतो तेव्हा त्याने निर्यात रोखू नये. या मतामागे कोणता मोठा पक्ष सातत्याने उभा राहिला? एकही नाही. केंद्रात काँग्रेसप्रणीत सरकार असताना डिसेंबर २०१० मध्ये निर्यात थांबवली गेली. भाजपप्रणीत सरकार असताना ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क लागले आणि डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी आली. विरोधात असलेला पक्ष शेतकऱ्यासोबत असतो आणि सत्तेतला पक्ष शहरातल्या ग्राहकासोबत. सत्ता बदलली की दोघे जागा बदलतात, शेतकरी मात्र जिथल्या तिथे राहतो.

ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. २० मे रोजी दिंडोरी मतदारसंघात लोकसभेचे मतदान झाले आणि भाजपच्या विद्यमान केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाच्या भास्कर भगरे या शिक्षकाने लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. ‘कांद्याने रडवले’ हे त्या निकालाचे स्पष्टीकरण सर्वत्र छापून आले. पण सहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, याच लोकसभा मतदारसंघातल्या नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी या सहाही विधानसभा जागा भाजपप्रणीत महायुतीने जिंकल्या. कांद्याबद्दलचे मत सहा महिन्यांत फिरले का? तसे मानायला जागा नाही. मध्यंतरी शुल्क कमी झाले होते, बाजारभाव सावरला होता, घरातल्या बाईच्या खात्यावर लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये येऊ लागले होते आणि विधानसभेला समोर उभा असलेला माणूस तालुक्यातला होता, ओळखीचा होता. मनातले मत तेच राहिले आणि यंत्रातले बदलले. ज्याने जूनमध्ये ‘शेतकरी सरकारवर उलटला’ असे लिहिले आणि नोव्हेंबरमध्ये ‘शेतकऱ्याने सरकारला क्षमा केली’ असे लिहिले, त्याने दोन्ही वेळा शेतकऱ्याला न विचारताच त्याच्या तोंडी शब्द घातले.

त्याच लोकसभेच्या राज्यव्यापी निकालाचेही असेच. ४८ पैकी ३० जागा विरोधकांच्या महाविकास आघाडीला आणि १७ महायुतीला मिळाल्या, म्हणून राज्याचे मन एका बाजूला झुकले असे आपण मानले. प्रत्यक्षात दोन्ही आघाड्यांच्या एकूण मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता. जागांचे अंतर हे मतदारसंघांच्या सीमांवर आणि मते कुठे किती साठली यावर ठरते. मनांमधले अंतर त्यावरून मोजता येत नाही.

कांद्याच्या उदाहरणात निदान मतदाराचे मत एक आहे आणि पक्षांचे दुसरे. आरक्षणाच्या प्रश्नात चित्र याहून विचित्र आहे. तिथे मतदार आपसांत दुभंगलेले आहेत आणि पक्ष मात्र एकमुखी आहेत. मराठा आरक्षणाचा कायदा २०१८ साली विधिमंडळात एकमताने मंजूर झाला. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. २०२३ च्या ऑगस्टअखेर आंतरवाली सराटीतून मनोज जरांगे पाटील यांचे आंदोलन पेटले आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी दहा टक्क्यांचा नवा कायदा पुन्हा एकमतानेच झाला. त्याच काळात मराठवाड्यातल्या गावागावांत मराठा आणि ओबीसी शेजारी एकमेकांकडे संशयाने पाहू लागले होते, एकमेकांच्या दुकानात जाणे टाळत होते. सभागृहात एकमत आणि पारावर दुफळी. इतका खोल मतभेद समाजात असताना तो सभागृहात उमटला नाही, कारण कोणत्याही पक्षाला कोणत्याही बाजूला ‘नाही’ म्हणायचे नव्हते. मग मतदाराने भूमिका पाहून निवडायचे कसे? त्याने उमेदवाराची जात पाहिली. बीडमध्ये पंकजा मुंडे यांचा साडेसहा हजार मतांनी झालेला पराभव हा त्या काळातला निकाल. पक्षांनी भूमिका घेण्याचे टाळले की मतदाराकडे ओळखीच्या खुणांखेरीज दुसरे साधन उरत नाही. मतदार जातीवर जातो अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येक पक्षाने हे आधी स्वतःशी कबूल करावे.

आश्वासनांतही हेच घडते. २०२४ च्या विधानसभेला एका आघाडीने लाडक्या बहिणीला पंधराशेचे एकवीसशे करू म्हटले, दुसरीने महालक्ष्मी योजनेतून तीन हजार देऊ म्हटले. कर्जमाफी दोन्हींकडे होती. दोन जाहीरनामे शेजारी ठेवले तर विचारांपेक्षा आकड्यांतला फरक जास्त दिसतो. शिवाय जाहीरनाम्यातला शब्द पाळला गेला नाही तर न्यायालयात दाद मागता येत नाही.

आणि समजा, मतदाराने कष्ट घेऊन भूमिका वाचल्या, तोलल्या आणि एक पक्ष निवडला. तो पक्ष पाच वर्षे तिथेच उभा राहील याची हमी कोण देणार? २०१९ मध्ये भाजप आणि शिवसेना युतीने लढले. १०५ आणि ५६ जागा आल्या. महिन्याभरात शिवसेना काँग्रेस आणि राष्ट्रवादीसोबत सरकारात बसली. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. राजापुरातला मतदारही हे वेगळ्या अंगाने अनुभवत होता. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाला विरोध ही शिवसेनेची ठळक भूमिका होती. पक्षप्रमुख मुख्यमंत्री झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये त्यांनीच बारसूची जागा पंतप्रधानांना पत्राने सुचवली, आणि सत्ता गेल्यावर २०२३ मध्ये त्यांचा पक्ष बारसूच्या आंदोलकांसोबत उभा राहिला. विदर्भात भाजपने १९९७ च्या भुवनेश्वर ठरावात वेगळ्या राज्याला पाठिंबा दिला. २०१४ नंतर केंद्रात आणि राज्यात दोन्हीकडे सत्ता आली, तरी वेगळा विदर्भ आला नाही. इथे एकट्या कुठल्या पक्षाकडे बोट दाखवण्याचा हेतू नाही. भूमिका बदलण्याची किंमत मोजावी लागत नाही, हे सर्वच पक्षांना कळले आहे.

या बाबतीत एक तपशील मला फार अस्वस्थ करतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. त्या निर्णयात हिशेब असा मांडला होता की २०१९ मध्ये सेनेच्या विजयी उमेदवारांना जी मते मिळाली, त्यांपैकी सुमारे ७६ टक्के मते शिंदे यांच्यासोबत असलेल्या आमदारांची आहेत. निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद न्यायालयात गेला. मला अस्वस्थ करतो तो हिशेबाचा पाया. आमदार जिकडे गेला, तिकडे त्याला मत देणाऱ्या लाखो माणसांचे मतही गेले, असे धरून चालले गेले. त्या माणसांना कोणी विचारले नाही. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ सालचा आहे. तो आमदाराला पक्षाशी बांधतो. पक्षाला मतदाराशी बांधणारा कायदा मात्र नाही.

मग मतदाराचे मत कळावे कसे? दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेने १९६० च्या दशकापासून मतदारांचा अभ्यास सुरू केला. पुढे तिच्या ‘लोकनीती’ उपक्रमाने तो देशभर पसरवला. पुण्याचे सुहास पळशीकर दीर्घकाळ त्या उपक्रमाचे सहसंचालक होते, ही मराठी वाचकांना जवळची वाटणारी गोष्ट. या पाहण्यांत मतदाराला केंद्राबाहेर गाठत नाहीत, त्याच्या घरी जातात. मत कोणाला दिले हे तोंडाने सांगायला न लावता नमुन्याची मतपत्रिका देऊन ती पेटीत टाकायला सांगतात. तरीही प्रश्न कसा विचारला यावर उत्तर बदलते. ‘कर्जमाफी हवी का?’ आणि ‘कर्जमाफी हवी की सिंचन?’ या दोन प्रश्नांना एकच माणूस वेगळी वाटणारी उत्तरे देतो आणि दोन्ही खरी असतात. आणखी एक अडचण म्हणजे मत असणे आणि ते महत्त्वाचे वाटणे यांतला फरक. वेगळा विदर्भ हवा म्हणणारे नागपुरात सहज भेटतात, पण केवळ त्याच मागणीवर उभ्या राहिलेल्या पक्षांना मते पडत नाहीत. यावरून मागणी खोटी ठरत नाही. यादीत ती पहिली नाही, एवढेच ठरते.

जर्मनीत २००२ पासून ‘वाल-ओ-मॅट’ नावाचे एक साधन आहे. नागरिक शिक्षणाचे काम करणारी सरकारी संस्था ३८ विधाने मांडते, पक्ष स्वतः त्यांवर सहमत, असहमत किंवा तटस्थ असे उत्तर देतात, मतदारही तीच उत्तरे देतो आणि आपण कोणत्या पक्षाच्या किती जवळ आहोत ते त्याला दिसते. आपल्याकडे असे साधन बनवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे ते पक्षांकडून ३८ सरळ उत्तरे मिळवणे.

उत्तर देण्याची सोय नसते तेव्हा मतदार स्वतः वाट काढतो. २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव या दोन मतदारसंघांत ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर आला. पहिल्यात सुमारे सत्तावीस हजार आणि दुसऱ्यात वीस हजारांहून अधिक मते. दोन्ही जागा युतीच्या वाटपात शिवसेनेकडे गेल्या होत्या. आपल्याला न विचारता बांधलेले गाठोडे उचलायला इतक्या माणसांनी नकार दिला आणि तो नकार रांगेत उभे राहून नोंदवला.

याहून आशादायक उदाहरण आपल्याच खेड्यांत आहे. गावातले दारूचे दुकान बंद करायचे की नाही, यासाठी महाराष्ट्रात महिलांचे मतदान घेता येते. चिन्हे दोनच असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांची मते पडली की दुकान बंद. दारूच्या प्रश्नावर राज्यातल्या मोठ्या पक्षांत ठाम भूमिका शोधावी लागते, पण या बायकांनी पक्षाची वाट पाहिली नाही. ज्यांना मार बसतो त्यांनाच विचारले गेले आणि त्यांनी उत्तर दिले. गोव्यातले फूल आणि दोन पाने, इथल्या उभ्या आणि आडव्या बाटल्या. प्रश्न स्पष्ट असला की अक्षरओळख नसलेला माणूसही आपले मत अचूक नोंदवतो.

प्रत्येक प्रश्न असाच सोडवावा असे मी म्हणत नाही. बहुसंख्यांना विचारून अल्पसंख्यांचे हक्क ठरवता येत नाहीत, आणि धरण, अर्थसंकल्प, आरोग्यसेवा हे विषय होय-नाहीत मावत नाहीत. त्यासाठी पक्ष लागतातच. भूमिका घेणारा, ती समजावून सांगणारा, प्रसंगी लोकांच्या मताविरुद्ध उभे राहून त्यांना पटवणारा पक्ष लोकशाहीला हवाच आहे. बांदोडकर विलीनीकरणाचा मुद्दा हरले, पण ते तो उघडपणे मांडून, त्यावर कौल मान्य करून हरले. म्हणूनच लोकांनी त्यांना पुन्हा बोलावले, असे मला वाटते.

पुढच्या लेखांत शेतमाल, पाणी, आरक्षण, भाषा, रोजगार आणि स्त्रियांची सुरक्षा या सहा विषयांवर मतदारांची मते आणि पक्षांच्या भूमिका शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. लेखकांचे आपसांत सर्व बाबतींत पटत नाही आणि संपादक म्हणून मी ते पटवून घेण्याचा प्रयत्न केलेला नाही. एक पथ्य मात्र सर्वांनी पाळले आहे : निकालावरून मन ओळखायचे नाही, आणि पक्षाला मत दिले म्हणून मतदाराला त्या पक्षाच्या प्रत्येक शब्दाचा धनी ठरवायचे नाही.

वाचकाला एक विनंती. पहिला लेख उघडण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि या सहा विषयांवर आपले मत एकेका ओळीत लिहावे. मागल्या निवडणुकीत कोणाला मत दिले ते आठवावे आणि त्या पक्षाची त्या सहा विषयांवरची भूमिका समोर लिहून पाहावी. काही ठिकाणी जागा कोरी राहील, कारण भूमिका आपल्याला ठाऊक नसेल किंवा ती कधी मांडलीच गेली नसेल. ती कोरी जागा घेऊन पुढल्या वेळी दारात येणाऱ्या उमेदवाराला प्रश्न विचारावा. एकच विचारावा, आणि देवापुढे गाऱ्हाणे घालताना विचारतो तितक्या स्पष्ट शब्दांत विचारावा.